मराठवाड्यात क्रांत्यांचा क्रम उलटा का लागला?

प्रश्न असा आला: "सर, राज्यसेवेच्या पुस्तकात लिहिलंय की फ्रेंच राज्यक्रांती आणि औद्योगिक क्रांती या दोन उलथापालथींनी आधुनिक समाज घडवला. मी परभणी जिल्ह्यातल्या खेड्यातली. आमच्याकडे ना बॅस्टिल पडलं, ना मँचेस्टर उभं राहिलं. मग आमचा समाज बदलला तो कशानं? की बदललाच नाही?"

विचारणारी माझ्या नातीच्या वयाची आहे, म्हणून 'तू' म्हणतो. बत्तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला, आणि त्यातली निम्मी वर्षं तरी मी या प्रश्नाला एकच ठरीव उत्तर देत आलो: "या क्रांत्यांचे पडसाद आपल्याकडेही उमटले." पडसाद हा शब्द फार सोयीचा. तो लिहिला की पुढे काही सांगावं लागत नाही आणि तपासणारा दोन मार्क देऊन टाकतो. निवृत्तीनंतर गावोगाव हिंडून म्हाताऱ्या माणसांशी बोलायला लागलो, लोकांच्या ट्रंकेतली जुनी दप्तरं बघायला लागलो, तेव्हा आपण पोरांना काय शिकवत होतो याची जरा लाज वाटली.

आज विचारशील तर माझं उत्तर असं आहे. दोन्ही उलथापालथी मराठवाड्यात झाल्या. पण युरोपात त्या जोडीनं, एकमेकींना ढकलत आल्या. इथं त्या सुट्या सुट्या आल्या आणि क्रमही वेगळा लागला. आधी बाजार आला, मग राज्य गेलं, मग सगळ्यांना मत मिळालं आणि कारखाना आला तो सगळ्यांच्या शेवटी. आज आपल्याकडे जे जे अडलेलं दिसतं त्यातलं पुष्कळसं या क्रमात अडकलेलं आहे.

युरोपचं आधी थोडक्यात सांगतो, कारण तुला ते पाठ असणार. फ्रान्समध्ये 1789 च्या जुलैत बॅस्टिल, म्हणजे पॅरिसचा तुरुंग-किल्ला, पडलं, ते पुस्तकात चित्रासकट असतं. खेड्यातल्या माणसाच्या दृष्टीनं त्याहून मोठी गोष्ट त्यानंतर घडली. शेतकऱ्यांनी जमीनदारांच्या गढ्यांवर चाल केली आणि आधी शोधली ती दप्तरं. कुणी किती धान्य, किती वेठ, किती देणं द्यायचं हे ज्यात लिहिलेलं होतं ते कागद चौकात आणून जाळले. त्या आगीच्या भीतीनं 4 ऑगस्टच्या रात्री राष्ट्रीय सभेतल्या सरदारांनी आपले हक्क स्वतःहून सोडले. सोडले म्हणजे कसे, तर बऱ्याच हक्कांची भरपाई शेतकऱ्यांनीच द्यायची अशी मेख मारून. ती मेख निघायला 1793 उजाडावं लागलं. आणि याच क्रांतीनं 1791 मध्ये कारागिरांचे संघ मोडले, मजुरांनी एकत्र येऊन मजुरी वाढवून मागायला बंदी घातली. स्वातंत्र्य मालकाला आधी मिळालं, मजुराला कितीतरी उशिरा. हा तपशील परीक्षेत लिहिलास तर बरं दिसेल.

इंग्लंडात राजाचं डोकं उडवून झालं होतं त्याला शंभरावर वर्षं लोटली होती, तिथं आता यंत्रांची पाळी होती. वॅटनं वाफेच्या इंजिनाच्या सुधारणेचं पेटंट घेतलं 1769 मध्ये, त्याच वर्षी आर्कराइटनं सूतकताईच्या यंत्राचं. शेतांना कुंपणं पडली, सामाईक कुरणं गेली, आणि ज्याच्याजवळ गावात काही उरलं नाही तो शहरात गेला तो परत आला नाही. 1801 साली मँचेस्टर या गिरण्यांच्या शहराची वस्ती पाऊण लाखाच्या आसपास होती, 1851 साली ती तीन लाखांवर गेली. पण मत? 1832 च्या सुधारणेत कामगाराला मत मिळालं नाही. शहरी कामगारांपैकी बऱ्याच जणांना ते 1867 मध्ये मिळालं, शेतमजुराला 1884 मध्ये. म्हणजे गिरणी आधी, संघटना नंतर, मत त्याच्याही नंतर. हा क्रम डोक्यात ठेव, तो पुढे लागणार आहे.

आता आपल्याकडे ये. मँचेस्टरची गोष्ट मराठवाड्यात पोचली ती विचारांच्या रूपानं नव्हे, कापसाच्या भावाच्या रूपानं.

मराठवाडा तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात. 1853 मध्ये या निजामानं फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिला. त्याच तहात नळदुर्ग म्हणजे आपला धाराशिवकडचा मुलूखही गेला होता, तो 1860 मध्ये परत आला. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी पेटली, 1861 ते 1865, आणि मँचेस्टरकडच्या, म्हणजे लँकेशायरच्या, गिरण्यांना तिथला कापूस मिळेना. वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या मोलानं उचलला गेला. पैनगंगेच्या अल्याड आपलीही तीच काळी माती. यादवी संपली, भाव कोसळले, पण वावरात शिरलेला कापूस निघाला नाही. ज्वारी घरी खायची आणि कापूस सरकारचा शेतसारा भरायला, सावकाराला द्यायला, अशी वाटणी झाली ती पक्की झाली. परदेशातल्या युद्धावर आपल्या पोरीचं लग्न ठरायचं की मोडायचं, हा प्रकार मराठवाड्याच्या शेतकऱ्याला तेव्हापासून माहीत आहे. बॅस्टिल माहीत नव्हतं, इतकंच.

याला जोड मिळाली निजामाच्या दिवाणाची. पहिले सालारजंग 1853 मध्ये दिवाण झाले ते 1883 पर्यंत. शेतसारा ठेक्यानं वसूल करायची पद्धत त्यांनी मोडीत काढली, 1865 च्या सुमारास जिल्हे पाडले, पगारी अंमलदार नेमले. पुढे मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी आणि रयतवारी, म्हणजे सारा थेट कसणाऱ्याकडून घ्यायची पद्धत, आली. जमीन नावावर झाली, आणि नावावर झालेली जमीन गहाण पडते, विकली जाते. चांगल्या हेतूनं केलेल्या सुधारणेनं सावकाराचं काम असं सोपं करून ठेवलं. शेजारच्या पुणे-नगर भागात 1875 च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, ते याच रोगापायी. फ्रान्समधल्या शेतकऱ्यासारखाच त्यांनाही घराहून कागदाचा राग होता. आपल्याकडे त्या वर्षी तसं काही पेटलं नाही. निजामी मुलखात लोक अंगावर घेऊन सोसत राहिले.

सगळं राज्य मात्र दिवाणीत, म्हणजे थेट सरकारी अंमलात, नव्हतं. हैदराबाद संस्थानाचा साधारण तिसरा हिस्सा जागीरदारांकडे, एक दशांश निजामाच्या खाजगीत, ज्याला सर्फेखास म्हणत. जागिरीतल्या गावाला सालारजंगांच्या सुधारणांचा फारसा वारा लागला नाही. माझा आजा पूर्णेकाठच्या अशाच एका जागिरीतल्या गावचा कूळ. तो सांगायचा, जागीरदाराचा माणूस गावात आला की पहिल्यांदा कोंबड्या लपवायच्या, मग तरणी माणसं. कारण सामान वाहायला वेठ लागायची, आणि वेठीला मजुरी नसते.

मग रेल्वे. हैदराबादहून नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडला जाणारी गोदावरी खोऱ्याची मीटरगेज लाइन विसाव्या शतकाच्या तोंडावर पुरी झाली, नेमकी 1899-1900 च्या दुष्काळाच्या सुमारास. तिकडे बार्शी लाइटची छोटी गाडी 1911 मध्ये लातूरला पोचली. या दोन रुळांनी मराठवाड्याचा नकाशाच बदलून टाकला. जिथं स्टेशन तिथं मोंढा म्हणजे शेतमालाचा बाजार, जिथं मोंढा तिथं कापसातली सरकी काढणारं जिनिंग, आणि जिथं जिनिंग तिथं आडत्याची पेढी. सेलू, मानवत, उमरी, जालना ही गावं बघ. पैठण, अंबाजोगाई, कंधार ही जुनी मातब्बर गावं रुळापासून लांब राहिली आणि मागं पडली. कुठला राजवाडा जळाला नाही, कुणाची सत्ता उलथली नाही. पण शे-दीडशे वर्षांत मराठवाड्यात कोण मोठं आणि कोण लहान हे जेवढं रुळांनी ठरवलं तेवढं दुसऱ्या कशानंच ठरवलं नसेल.

कारागिरांचं काय झालं, याचं पुस्तकी उत्तर असतं की गिरणीच्या कापडानं विणकर मेला. इतकं सरळ झालं नाही. आधी गेलं ते हातसूत, म्हणजे घराघरातल्या बायकांचं दोन पैशाचं काम. माग मात्र गिरणीचं सूत घेऊन पुढं बरीच वर्षं चालले, कारण खेड्यातल्या बाईला लागणारं जाडंभरडं लुगडं गिरणी तेव्हा नीट विणत नव्हती. पैठणी आणि हिमरू हे श्रीमंतांच्या आणि दरबाराच्या आश्रयावर तगलेले धंदे, त्यांची गोष्ट वेगळी. बाईच्या हातचं काम गेलं याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही, म्हणून ते इतिहासातही नाही.

आणि गिरण्या? औरंगाबादेत सूतगिरणी 1889 मध्येच निघाली होती. नांदेडला उस्मानशाही मिल आली. नांदेडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून मिलचा भोंगा येतो. भोंग्यावर घड्याळ लावायचं, भोंग्यावर पोरांना उठवायचं. पूर्णा जंक्शनला लोको शेड होतं, तिथं सगळ्या जातींची पोरं एका फायरबॉक्सपुढं घामाघूम होत होती. ही आपली इवलीशी मँचेस्टरं. पण ती बेटंच राहिली. संस्थानानं उद्योगात पैसा घातला तो बहुतेक हैदराबाद, वरंगळ, निजामाबादच्या बाजूला: बोधनचा साखर कारखाना, वरंगळची आझमजाही मिल, सिरपूरचा कागद कारखाना. 1956 मध्ये भाषेवर प्रांत पाडले, मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि हे सगळे कारखाने राहिले पलीकडे. घर वाटून घेताना आपल्या वाट्याला वावर आलं आणि भावाच्या वाट्याला दुकान, असा तो प्रकार. यात कुणाचा कट होता असं मला वाटत नाही. मराठी मुलखात यायचंच होतं, आणि त्याची किंमत तेव्हा कुणी मोजली नाही.

आता राजकीय उलथापालथ. ही तुला ठाऊक असेल, म्हणून फक्त समाजाच्या अंगानं बोलतो.

निजामी राजवटीत 'गश्ती निशाण 53' नावाचा हुकूम होता, त्याखाली सभा घ्यायलाही परवानगी लागे. त्यामुळे आपल्याकडे राजकारण सुरू झालं ते शाळेतून आणि वाचनालयातून. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा, परतूरला 1937 मध्ये भरलेली महाराष्ट्र परिषद, 1938 चा हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह आणि त्याच वर्षीची विद्यार्थ्यांची वंदे मातरम चळवळ. स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ हे दोघेही मुळात मास्तर, हा योगायोग नाही. उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये उर्दू माध्यमातून सुरू झालं. देशी भाषेत उच्च शिक्षण ही त्या काळी मोठीच गोष्ट होती, हे कबूल करायला हवं. पण खेड्यातल्या मराठी पोराला ती भाषाही इंग्रजीइतकीच परकी होती.

1947-48 मध्ये चळवळ शाळेतून वावरात आली. ती आली त्याचं मोठं कारण लेव्ही. युद्धकाळापासून सरकार शेतकऱ्याच्या खळ्यावरून ठरलेल्या भावानं धान्य उचलत होतं. लेव्ही द्यायची नाही, सरकारला दारूचं उत्पन्न देणारी शिंदीची झाडं तोडायची, करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके पेटवायचे, असे कार्यक्रम निघाले. काही ठिकाणी पटवाऱ्याचं दप्तरही पेटलं. बघ, पुन्हा कागदच! सरहद्दीवरच्या कॅम्पांतून हे चालायचं. 30 जानेवारी 1948 ला उमरीची बँक लुटली गेली ती या लढ्याच्या खर्चासाठी. दुसरीकडे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचा कहर. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करणारा. 13 सप्टेंबरला भारताच्या फौजा आत आल्या, 17 ला निजाम शरण आला; हीच ती पोलीस अ‍ॅक्शन. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून वय सांगताना 'अ‍ॅक्शनच्या आधीची मी' किंवा 'अ‍ॅक्शननंतर दोन वर्षांनी झालो' असं सांगतात. सन विचारलं की गप्प होतात.

इथं एक गोष्ट आम्ही शिकवताना गिळून टाकत होतो. अ‍ॅक्शननंतरच्या आठवड्यांत धाराशिव, लातूर, नांदेडच्या बाजूला मुसलमान वस्त्यांवर जे झालं तेही त्याच उलथापालथीचा भाग आहे. केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल यांच्या समितीला पाहणीला पाठवलं होतं. समितीनं संस्थानभरातल्या मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला. रझाकारांनी केलेलं खोटं नाही आणि हेही खोटं नाही. दोन्ही सांगायची ताकद नसेल तर इतिहासाच्या मास्तरानं गणित शिकवावं. जे वाचले त्यांच्यावर आणखी एक घाव बसला: उर्दूवर उभी असलेली कारकुनी, वकिली, मास्तरकी हळूहळू निरुपयोगी झाली. राज्यभाषा बदलली की एक आख्खा सुशिक्षित वर्ग एका पिढीत अडाणी ठरतो.

ऑगस्ट 1949 मध्ये जागिरी गेल्या, 1950 मध्ये कुळकायदा आला. माझ्या आज्याच्या नावावर जमीन आली. फ्रान्सच्या 4 ऑगस्टशी तुलना करायची तर इथेच कर. जागीरदारांना भरपाई मिळाली, पण ती सरकारी तिजोरीतून, कुळाच्या खिशातून नव्हे. हे आपल्याकडे बरं झालं. वाईट हे झालं की जिथं कूळ कागदावर नव्हतं, नुसतं तोंडी होतं, तिथं कायदा लागू व्हायच्या आत त्याला वावरातून उठवलं गेलं. आणि जे कधी कूळही नव्हते, नुसते सालगडी किंवा गावकीचे हक्कदार होते, त्यांना काहीच मिळालं नाही. देशमुखाची देशमुखी गेली, वाडा राहिला. आणि पुढच्या निवडणुकीत वाड्यावरच सगळे जमू लागले.

पण 1952 च्या पहिल्या निवडणुकीत वाड्यावरच्या मालकालाही एक मत आणि वेशीबाहेरच्या बाईलाही एकच. इंग्लंडात ज्याला गिरणी सुरू झाल्यावर शंभर वर्षं लागली, ते आपल्याला कारखानदारी नीट उभी राहायच्या आधीच मिळालं. मत होतं, पण मत देणाऱ्याची रोजीरोटी मात्र गावातल्याच चार बड्या घरांवर. मराठवाड्याच्या पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या कटकटी मला तरी या एका वाक्यात दिसतात.

या फटीतून वाट काढली ती शिक्षणानं, आणि त्यात पहिलं नाव मिलिंद महाविद्यालयाचं. बाबासाहेबांनी 1938 मध्येच कन्नडजवळ मक्रणपूरला परिषद घेऊन निजामी मुलखातल्या दलितांना हाक दिली होती. 1950 मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू झालं. मुंबई-पुण्यातली जागा सोडून त्यांनी मराठवाडा का निवडला, तर इथं शिकायला दुसरं फारसं काही नव्हतंच. ज्या पोराचा बाप येसकरकी, म्हणजे गावच्या वेशीची राखण, करत होता तो वसतिगृहात राहून बी.ए. झाला. इंग्लंडात माणसाला गावच्या धाकातून कारखान्यानं सोडवलं. आपल्याकडे दलित तरुणाला सोडवलं ते वसतिगृहानं आणि सरकारी नोकरीनं. म्हणूनच नोकरी आणि डिग्री या दोन गोष्टींवर आपल्याकडे इतकं रान पेटतं. 1974 मध्ये विद्यार्थ्यांचं मराठवाडा विकास आंदोलन झालं, त्यातही मुख्य मागण्या नोकऱ्या, उद्योग, मोठी (ब्रॉडगेज) रेल्वे याच. आणि 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला, तेव्हा खेड्यापाड्यांत दलित वस्त्या जळाल्या. मुळाशी जातीचा अहंकार होता, त्यावर पांघरूण घालू नये. पण ज्या भागात पगाराची दारं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, तिथं कालपर्यंत वेठ करणारा त्या दारातून आधी आत गेला, हे काहींना सोसलं नाही, हेही लिहायला हवं. नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 ला. सोळा वर्षं लागली.

मधे 1972 चा दुष्काळ येऊन गेला. तो मी डोळ्यांनी पाहिला, दुष्काळी कामाच्या खडी केंद्रावर हजेरी लिहायला मला बसवलं होतं. लाल मिलो म्हणजे परदेशी ज्वारी आणि सुकडी खाऊन लोकांनी पाझर तलाव खोदले, रस्ते केले. उंबऱ्याबाहेर न पडणाऱ्या घरातल्या बायका डोक्यावर पदर घेऊन खडी फोडायला बसल्या, शेजारी कोण बसलंय हे न विचारता. दर कामावर होता, त्यामुळे बाईला बाप्याइतकेच पैसे. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, तो 1977 चा. मला विचारशील तर मराठवाड्यातल्या सवर्ण शेतकरी बाईच्या आयुष्यातली राजकीय क्रांती 1948 ची नाही, 1972 ची आहे. हे माझं मत आहे, परीक्षेत लिहू नकोस.

आणि आता ऊस. कोकणाला, सातारकडच्या भागाला मुंबईच्या गिरण्या मिळाल्या, कारण ते इंग्रजी इलाख्यात होते. आपल्याला मिळाला ऊस, आणि तोही तोडायला. 1950 मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखाना निघाला, पश्चिम महाराष्ट्रभर त्याची लागण झाली, आणि तोडणीला माणसं हवी झाली. ती आली बीडच्या बालाघाटातून, पाथर्डीच्या बाजूनं, जिथं माती हातभर आणि पाऊस वितभर. 72 च्या दुष्काळानं हा ओघ वाढला.

हा कामगार कोण आहे ते नीट बघ, कारण मँचेस्टरच्या पुस्तकात तो सापडत नाही. नवराबायको मिळून एक 'कोयता'. एकटा माणूस अर्धा कोयता. दिवाळीच्या आधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची, ती फेडायला पाच-सहा महिने कारखान्याच्या फडात. राहायचं पाचटाच्या कोपीत. डोकी सेंटर असेल तर मोळी डोक्यावर नेऊन ट्रक भरायचा, मग तो रात्री दोनला येवो की चारला. एक दिवस खाडा झाला तर दंड. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या साली. इंग्लंडात 1833 च्या कायद्यानं नऊ वर्षांखालच्या पोरांना कापडगिरणीत घ्यायला बंदी केली आणि कायदा पाळतात की नाही ते बघायला चार निरीक्षक नेमले. चारच, पण नेमले. फडात निरीक्षक कुणाकडे जाणार? मालक कोण, हेच ठरत नाही. कारखाना म्हणतो करार मुकादमाशी, मुकादम म्हणतो पैसा कारखान्याचा. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या तोडणीच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची प्रकरणं गाजली आणि राज्य सरकारला समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, हेही त्यामागचं एक कारण होतं. त्या बायकांशी बोललो आहे. त्यातली एक मला म्हणाली, "पिशवीपेक्षा उचल जड असती, सर."

आता क्रमाची गोष्ट इथं लावून बघ. इंग्लंडातला शेतकरी जमीन गमावून शहरात गेला, तिथंच अडकला, म्हणून तिथंच एकत्र आला आणि लढला. आपल्या तोडकऱ्याची दोन-तीन एकर जमीन गावात आहे, रेशनकार्ड गावात, मत गावात, आणि घाम तीनशे किलोमीटरवर. फडातला मालक त्याच्या मतदारसंघात नाही आणि त्याचा आमदार फडात नाही. निवडणूक आली की गाड्या करून त्याला गावी आणतात, मत घेतात, पुन्हा सोडून येतात. तो ना पुरता शेतकरी, ना पुरता कामगार. तरीही तोडणी कामगारांनी संप केले, दर वाढवून घेतले, त्यातून नेतेही पुढं आले. पण ते जमतं ते हंगाम सुरू व्हायच्या आधी, माणसं गावात असताना. फडात एकेकटी टोळी पांगली की ताकद संपली.

खरा कारखाना शेवटी आला तो 1980 च्या दशकात, औरंगाबादजवळ वाळूजला. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आधी होती, पण वाळूजला दुचाकीचा मोठा प्रकल्प आला आणि त्याच्यामागे सुटे भाग करणाऱ्या शेकडो छोट्या कंपन्या. जालन्यात बियाण्यांचा धंदा 1964 पासून होता, पुढे लोखंडाच्या रोलिंग मिल उभ्या राहिल्या. वाळूजनं गावाकडचं काय बदललं ते सोयरिकीत बघ. पूर्वी विचारायचे, "जमीन किती?" मग विचारू लागले, "परमनंट आहे का?" परमनंट आणि कंत्राटी ही आता जवळजवळ जातच झाली आहे, आणि तिच्यातही मुलगी देताना विचार होतो. फरक एवढाच की खोलीत चार पोरं चार जातींची राहतात, एकाच स्टोव्हवर भाजी टाकतात. लग्नाला मात्र जो तो आपापल्या गावी जातो.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: समाज बदलला, भरपूर बदलला. फक्त तुला तो बदल पुस्तकातल्या क्रमानं शोधता येणार नाही. परीक्षेला काय लिहायचं ते शेवटी सांगतो. युरोपचा भाग निम्मा लिही, आणि उरलेल्या निम्म्यात कापूस, रेल्वे, जागीर आणि कोयता ही चार उदाहरणं दे. पडसाद हा शब्द टाळ.

परीक्षा झाली की एक काम कर. घरात जुनी ट्रंक असेल तर उघड. 1357 फसली (निजामी काळचं सन) असं काही लिहिलेला कागद निघाला तर तो 1947-48 चा. फसलीत 590 मिळव म्हणजे इसवी सन येतं. उर्दू असेल तर वाचून देणारे म्हातारे अजून परभणीत आहेत, लवकर जा. मग तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये तुझ्या गावच्या 1954 च्या खासरा पत्रकाची, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदीची, नक्कल माग. अर्ज साधा असतो, कारकून दोन फेऱ्या मारायला लावील, लाव. नक्कल मिळाली की तुझ्या पणज्याचं नाव शोध आणि ते मालकाच्या रकान्यात आहे, कब्जेदाराच्या रकान्यात आहे की कुठेच नाही, ते मला कळव.